एकास पाच हजार

भाच्यानं नकाशा पाठवला. तो मी बिंदू चौकातल्या
झेरॉक्सवाल्याकडून वाढवून घेतला, एकास पाच हजार.
त्याच मापाचा आपल्या गावाचा माझ्याकडं आहे.
निवृत्तीच्या दिवशी मिळालं नारळ, शाल आणि तो,
तो मात्र मी न विचारता उचललेला.

वर ट्रेसिंग पेपर अंथरला, चार कोपऱ्यांना चार वाट्या.
किल्केनी काढायला दोन दुपारी लागल्या.
नदी आधी. नदी नेहमी आधी काढावी,
मग गाव जिथं बसायचं तिथं आपोआप बसतं.
नोर तिचं नाव. काठावर किल्ला,
किल्ल्यापासून निघालेला जुना रस्ता
थेट देवळापर्यंत, देवळाला खेटून दगडी गोल मनोरा.

मग ते सगळं उचलून कोल्हापुरावर ठेवलं.
किल्ला आला भवानी मंडपावर
आणि कागद जरा फिरवला तर मनोरा
रंकाळा स्टँडच्या आसपास.
उत्तर चुकली. चुकू दे.

"एवढंच?" हे म्हणाले. "एवढ्यासाठी तीन विमानं?"
आधी त्यांना वाटलेलं, किल्लेकेणी,
मालवणाकडचं काहीतरी.
रणधीर फोनवर हसला,
किल म्हणजे किल्ला नव्हे मावशी, देऊळ.
मी समासात टिपून ठेवलं.

रणधीर तिथल्या हॉटेलात कांदे कापतो, आता सूपही करतो.
म्हणतो, ऑक्टोबरात ये, शरद बघायला.
म्हटलं, शरद इथंही आहे की,
घामोळ्यांचा, कोजागरीच्या दुधाचा,
एक पान गळत नाही.
इथला वेगळा, म्हणाला.
व्हिसाच्या फॉर्मात भेटीचं कारण विचारलंय.
पानं पडताना बघणे, असं लिहिलं.
खोडलं. पर्यटन लिहिलं.

तारीख दसऱ्यानंतरची धरली.
दसरा चौकातलं सोनं चुकवायचं नाही
ही ह्यांची अट, खरं तर माझीही.
हिरव्या आपट्याला आपण सोनं म्हणतो
आणि समोरचा मान डोलावून घेतो.
तिथं म्हणे झाडावरच होतं,
कुणी लुटत नाही,
सकाळी नगरपालिका झाडून नेते.

सामानात कानटोपी, गुडघ्याचा पट्टा,
कांदा-लसूण चटणी तीन पिशव्यांत, एकात एक,
रणधीरच्या सूपासाठी, त्याच्या मालकाला न सांगता.
मनोऱ्याला पायऱ्या शंभराच्या वर,
म्हणून संध्याकाळी अपार्टमेंटचा जिना चारदा.
खालच्या जुबेदाभाभी दार उघडून विचारतात,
काय हरवलंय काय?

हरवलं नाही. पण ह्यांनाही सांगितलं नाही ते असं,
तेहतीस वर्षं सिटी सर्व्हेत मी हद्दी काढल्या,
शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर, बावड्याकडचे उसाचे तुकडे.
सांकळ ओढली दुसऱ्यांनी,
ऊन त्यांचं, चिखल त्यांचा, कुत्री त्यांच्या मागं.
माझ्या टेबलावर यायचे आकडे.
कितीतरी गल्ल्या माझ्या हातच्या आहेत
ज्यांत मी पाऊल टाकलेलं नाही.
एकदा एका विहिरीचा गोल काढताना
साहेबांना विचारलं होतं, पाणी आहे का हो हिला?
ते म्हणाले, बाई, शाई सांडू नका.

तर आता एक बोळ राहिलाय.
मोठ्या रस्त्यावरून पायऱ्यांनी खाली उतरणारा,
दोन माणसं समोरासमोर आली तर
एकानं भिंतीला टेकावं एवढाच.
नाव पुसट छापलंय.
रणधीर म्हणाला, वाचून सांगू का?
नको म्हटलं.

नदी, किल्ला, मनोरा शाईनं.
तो तेवढा पेन्सिलीत ठेवलाय,
दोन रेघा, मधे जागा.