धीर : नाम, पुल्लिंगी

डंडीत नोव्हेंबरमध्ये साडेतीनला दिवे लागतात.
मानसशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर मी माणसं मोजते :
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी.
'संकटानंतर मी चटकन उसळी घेतो.'
सहभागी क्रमांक सत्तावीसनं दोनवर गोल केला
आणि समासात लिहिलं : चेंडू आहे का मी?

मी हसले. संशोधकानं हसायचं नसतं.
नाव विचारायचं नसतं, तरी त्यानं सांगितलं, रूरी.
वडील आर्ब्रोथचे, मासेमारीच्या बोटीवर होते.
'होते'वर तो थांबला नाही,
मीच थांबले.

डॉक्टर मॅक्फी विचारतात, तुमच्या भाषेत
या गुणाला काय म्हणतात?
तग, मी म्हटलं. पण तो नुसता येत नाही,
धरावा लागतो.
चिवटपणा म्हटलं की शिळी पोळी आठवते.
मग रात्रभर डोक्यात धीर फिरत राहिला.
धीर धरतात. सुटतो. खचतो.
आणि देतात.
वाटीभर साखर शेजारी द्यावी, तसा;
वाटी परत येते तेव्हा रिकामी नसते,
तिच्यात दुसरंच काही असतं.

माझ्या तक्त्यात मात्र प्रत्येक माणूस
आपापल्या ओळीत एकटा.

प्रश्न चौदावा :
'माझ्याहून मोठं काहीतरी आहे, असं मला जाणवतं.'
रूरीनं तो कोरा सोडला.
मी स्वतः भरून पाहिला, गुपचूप,
संख्याशास्त्रात नापास झाले त्या संध्याकाळी.
पेन तीनवर गेलं.
तीन म्हणजे आईला फोनवर 'बरी आहे' म्हणते, ते.

नंतर नदीवर गेले.
टे नदी इथे समुद्र व्हायच्या बेतात असते.
रेल्वेच्या पुलाला लागून जुन्या पुलाचे खुंट,
एकामागोमाग एक, पाण्यातून डोकं काढून.
तो पूल वादळात कोसळला, गाडीसकट.
मग हे उपटून का टाकले नाहीत?
लाट आधी यांच्यावर फुटावी, नव्या खांबांना कमी लागावं,
म्हणून ठेवले, असं सांगतात.
मला ते तेव्हा पटलं नाही.
गारठून उभी राहिले तरी.
खिडक्यांचा उजेड घेऊन एक गाडी
त्यांच्या शेजारून गेली,
हळू.

फेब्रुवारीत दुसरी फेरी. तीच पानं, तीच पेनं.
रूरी उशिरा आला, बूट ओले.
त्याची बेरीज चारानं घसरली होती,
मी तळहातानं आकडा झाकला.
त्यानं बॅगेतून कागदी पिशवी काढली :
'सकाळपासून इथेच आहेस ना? चेहरा बघ.
चीज-कांद्याचा पाय आहे.
तू गाय खात नाहीस, म्हणून बेकरीत दोनदा विचारून घेतला.'

दोनदा.

याला रकाना नाही.
अर्धा मी खाल्ला, अर्धा त्यानं,
कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
पापुद्रे चौदाव्या प्रश्नावर पडले,
लोण्याचा डाग पसरला
आणि कागद तिथे इतका पातळ झाला
की खालच्या पानावरचे, अठ्ठावीस क्रमांकाचे गोल
वर दिसायला लागले.

मॅक्फींना काय सांगायचं, ते उद्या बघू.