समासात

नाव? राजमणी नागेश गज्जम.
वय?
पंचवीस लिहा, म्हणाली,
कट्टा पंचवीसचा असतो, लक्षात राहतंय.

बाहेर चव्वेचाळीस अंश.
पंखा फिरतो, पण वारा
माझ्या टेबलाशी येईतो विचार बदलतो.
विडी घरकुलापासून दोन रिक्षा बदलून आली ती,
बर्फ झालेली पाण्याची बाटली
पोटाला नाही, पोटाजवळ धरून.

कितवी खेप?
तिनं बोटांकडे पाहिलं.
तर्जनीचं टोक तपकिरी, नखाच्या आतपर्यंत.
तिसरी.
आणि घरी लेकरं?
घरी कोणी नाही.

मी लिहिलं : खेपा तीन, जिवंत शून्य, गर्भपात दोन.
पहिलं अकराव्या आठवड्यात.
नंदीध्वज बघून येताना, रिक्षातच.
दुसरं सोळाव्यात, माल द्यायच्या रांगेत.
चेकर हजारातल्या चाळीस बाजूला टाकत होता,
उठले असते तर नंबर गेला असता.
छाट झाली, सिस्टर.

हा शब्द मी लिहिला नाही.
त्याला कार्डावर जागा नव्हती
आणि माझा पेन थोडा वेळ उघडाच राहिला.

तंबाखू खाता?
नाही.
ओढता?
तेव्हा ती हसली, सकाळपासून पहिल्यांदा.
आमच्यात बायका ओढत नाहीत ओ, वळतात.
रोज आठशे. अकराव्या वर्षापासून.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
आणि सुपाच्या अलीकडे, चार बोटांवर,
हे.

मी 'नाही'वर खूण केली.
खोडली.
'होय'वर नेली, तीही खोडली.
समासात बारीक अक्षरात लिहिलं : हाताळते.

लग्न नात्यात?
मेनमामाशी.
सासू म्हणजे आईचीच आई.
रुसून जायचं तर कुठं जाऊ,
एकाच दारातून आत, त्याच दारातून बाहेर.

रक्त सात पूर्णांक नऊ.
साखर ठीक. थायरॉईडचा कागद यायचाय.
पत्र्याच्या खोलीला रकाना नाही.
चौथ्या दिवशी, रात्री दोनला येणाऱ्या
नळालाही नाही.

मग ती पुढे सरकली, आवाज खाली घेऊन.
मागच्या टायमाला गिराण होतं.
अम्मम्मा म्हणाली कात्री धरू नको.
पण पानं भिजवून ठेवलेली,
एक दिवस गेला की बुरशी येती.
मी कापली.
त्यानं झालं का?

नाही.
सतरा वर्षांच्या नोकरीत इतकं ठाम
मी क्वचितच काही बोलले असेन.
नाही, राजमणी. ग्रहणानं नाही, कात्रीनं नाही.
पुष्कळदा बीज जुळतानाच कुठंतरी चुकतं,
ते कुणी केलेलं नसतं.
आणि थोडं काही असतं आपल्या हातात.

हात म्हणायला नको होतं.
दोघींनी एकदमच तिच्या बोटांकडे पाहिलं.

हात धुऊन वळलं तर चालतंय?
साबणानं, म्हणाले. दर तासाला.
तोंडाला फडकं, सूप लांब, खिडकी उघडी.
जमलं तर बाळ होईपर्यंत बंदच,
असं म्हणताना मी तिच्याकडे बघत नव्हते.
ती तोंडातल्या तोंडात मोजत होती.
मला वाटलं पैसे.
पाणी मोजत होती :
तासाला एक तांब्या, चार दिवस, दोन घागरी.

गोळ्या दिल्या. लोहाच्या, फॉलिकच्या.
पुढची तारीख सोमवार.
सोमवारी माल असतो.
मंगळवार केला.

कार्ड तिनं उभं दुमडलं, आणखी एकदा,
पर्समधून गुलाबी दोरा काढला,
दोन वेढे, एक गाठ, बघता बघता.
दोरा दाताशी नेला
आणि तिथंच थांबली.

सिस्टर, म्हणाली,
तुमची कात्री द्या जरा.