स्विच आँटी

कुमासीत लाइट जाते तेव्हा
आमचं चार मजली हॉस्टेल एकदम उसासा टाकतं,
आणि येते तेव्हा
गोल झाल्यासारखं ओरडतं.

त्या रविवारी ती आली तेव्हा ओरडायला कुणी नव्हतं.
सगळ्या चर्चला गेलेल्या,
इस्त्रीच्या कपड्यांत, मानेला पावडर लावून.
मीसुद्धा.

सकाळी बादलीत कॉइल सोडली होती.
पाणी कोमट होतं न होतं तोच लाइट गेली.
मग गारच घेतलं अंगावर, वीज कंपनीचा उद्धार करत.
कॉइल उचलून गादीवर टाकली,
आणि बटण...
हात आठवतो, ओला.
हरवलेलं कानातलं आठवतं,
खालून झिफाची हाक, "चल गं, ट्रोट्रो सुटेल!"
बटण आठवत नाही.

तिसऱ्या मजल्यावर एकटी वुन्पिनी होती.
तिचा नमाज शुक्रवारचा, रविवार धुण्याचा.
तिला आधी वाटलं कुणाचा जोलॉफ करपला.
मग दाराखालून धूर आला,
फोम जळताना येतो तसा, पिवळा, घसा धरणारा.

आग विझवायचं लाल नळकांडं जिन्याजवळच होतं,
लोखंडी जाळीत, कुलूपबंद, चोरीला जाऊ नये म्हणून.
किल्ली पोर्टर न्वामांच्या खिशात
आणि न्वामा चर्चच्या गायकवृंदात, मागच्या रांगेत.

बांकू घोटायच्या लाकडी दांड्याने तिने मेन पाडला.
माझ्या दाराला मी कधी कुलूप लावत नसे,
ती एक वाईट सवय कामी आली.
खालच्या बांधकामावरची वाळू
तिने धुण्याच्या बादलीतून वर आणली.
सात खेपा. तीन मजले.
शेवटच्या दोन खेपांना, म्हणे, ती रडत होती,
पण ते धुरामुळे.

चौकशीत लिहिलं गेलं: वायरिंग जुनं.
वायरिंग जुनं होतंच. मी मान डोलावली.
न्वामांना किल्लीवरून लेखी समज मिळाली.
ते वर्षभर माझ्याशी आधीसारखंच गोड बोलत,
ते सोसायला फार जड गेलं.

वाळू उपसताना वुन्पिनीला कॉइल सापडली,
वेटोळ्यात काळा फोम चिकटलेला.
तिने माझ्याकडे बघितलं.
वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली.
ती आता तामालेला असते, दोन मुलं आहेत,
ईदला फोटो पाठवते.
अजून काही बोललेली नाही.

मी इथेच राहिले, पुढच्या पदवीसाठी.
लाइट गेली की उसासा विरायच्या आत
माझ्या चपला व्हरांड्यात वाजू लागतात.
"बटण?"
"बंद!"
"बटण?"
"अहो बंद, आँटी, बंद!"
मेणबत्ती पुस्तकांवर उभी असेल तर मी ती बशीत ठेवते.
नळकांड्याची जाळी गेली, त्याच्यावरची तारीख मी वाचते.
पहिल्या वर्षाच्या मुली माझी नक्कल करतात, चांगली करतात.

काल सेलासीने विचारलं,
"तुमच्या एवढं सगळं लक्षात कसं राहतं?"
"माझ्या लक्षात राहत नाही," मी म्हटलं.
ती हसली. तिला विनोद वाटला.

पुढचं दार तीनशे बारा.
गादी नवी, भिंतीला नवा हिरवा रंग,
फक्त छताच्या एका कोपऱ्यात
दर पावसाळ्यात रंगाखालून तपकिरी काहीतरी वर येतं.
तिथली मुलगी पहिल्याच हाकेला "बंद" म्हणते.

तिथे मी दोनदा विचारते.
मग आत जाऊन हात लावून बघते.