चिंचेकडे

करवत थांबली तेव्हा
पोदेराने भोंपू वाजवलाच नाही.
सायकल धरून उभा राहिला उन्हात,
जिथे काल ऊन नव्हतं.

मग अख्खी डिचोली जमली.
पिएदाद पाटी डोक्यावरच ठेवून विचारत होती,
बांगडे कुठे मांडू आता?
पंचायतीला, वायरमनला, मला.
गांवस मास्तर बुंध्यावरची वर्तुळं मोजत बसले,
एकशे सातावर चष्मा पुसायला थांबले
आणि आकडा विसरले.
कोणीतरी ओरडलं, सह्या कुणाच्या त्या दाखवा!

कागद फिरला.
पाला गटारात पडतो, सबब अर्ज.
खाली चौदा सह्या.
सातवी माझी.
फक्त फांद्या, असं म्हणाले होते.

तिन्हीसांजेपर्यंत घोषणा संपल्या,
लाकूडही.
ज्याने त्याने निषेध केला
आणि ओंडका घरी नेला.
पिएदादने जाडशी चकती मागून घेतली,
चिंचेवर कोयता बरा चालतो म्हणाली
आणि तिथेच रडायला लागली.
मी काही नेलं नाही.
हे सांगण्यासारखं आहे का, ठाऊक नाही.

कंडक्टर अजून ओरडतो, चिंच, चिंच कोण?
मी उतरतो भर दुपारी
आणि सवयीने
छत्री मिटतो.