फ्यूजची तार

त्या उन्हाळ्यात मानेवाड्याच्या चौकातला न्हावीसुद्धा
वस्तरा हवेत धरून शेअरची नावं सांगायचा.
आरशात आम्ही दोघं, तोंडाला फेस,
मागे टीव्हीवर सगळं हिरवंगार.

शालिक तिजारे माझ्याआधी दोन वर्षं रिटायर झाला,
पस्तीस वर्षं कोराडीच्या स्विचयार्डात.
पंपाच्या एका कंपनीचे शेअर
आम्ही एकाच दिवशी घेतले, एकशे दहाला.
दोनशे झाले तेव्हा मी पेढे वाटले.
त्याने घरी जाऊन दाराच्या चौकटीवर,
नातीच्या उंचीच्या खुणांशेजारी,
पेन्सिलीने रेघ मारली: १७०.

"हे काय बे?"
"इथवर खाली आला का विकून टाकाचा."
"अबे, वर जाऊन राह्यला न तो!"
"मंग रेघ बी वर जाईन.
वाढलेली पोरगी कधी बुटकी झालेली पाह्यली का?"

तीनशेला दोनशे पंचावन्न.
चारशेला तीनशे चाळीस.
चारशे बाराला, खोडून, साडेतीनशे.
मी हसायचो. माझ्या घरी दारांना सनमायका,
पेन्सिल उमटतच नाही.

मारबतीच्या आठवड्यात
पिवळी मारबत इतवारीतून निघाली,
लोक इडापिडा हाकलत होते
आणि भाव रेघेला टेकला.
त्याने विकले. त्याच दुपारी. सगळे.

पुढच्या सोमवारी तीनशे नव्वद.
टपरीवर मी त्याला पाच जणांदेखत भित्रा म्हटलं.
तो खर्रा घोटत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, "फ्यूजची तार बारीकच पायजे, भाऊ.
जळाची पाळी तिची पहिली.
जाड टाकून पाह्य,
मंग मीटर जळते, मंग घर."

माझी तार जाड होती.
कंपनी चांगली आहे.
आपण काय उद्या खाणार आहोत का पैसे.
येतोच परत.
दिवाळीला दोनशे साठ, संक्रांतीला एकशे तीस,
नंतर रोज सकाळी खालचं सर्किट:
विकायला बसलो, तर घेणाराच नाही.
न्हावी आता क्रिकेटवर बोलतो.

परवा त्याच्याकडे गेलो.
अर्धे पोस्टात, उरलेल्यांतून मोतीबिंदू काढलेला.
माथ्याचा भाव त्यालाही मिळाला नव्हता,
तो ते आपणहून सांगतो.
नात पुण्याला. चौकटीवर तिच्या खुणा,
आणि त्याच्या, सगळ्या वर वर जाणाऱ्या.

भिंतीवर काचेत एक जुना कागद:
बंद पडलेल्या सूतगिरणीचे दहा शेअर,
बेबीनंदावहिनींनी भिशीच्या पैशांतून घेतलेले,
त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी.
"आणि याची रेघ?" मी विचारलं.

तो उठला. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं,
खसाची ताटी उगाच सरळ केली.
"तिथं फ्यूज नाही लावला," म्हणाला.
"तिथं डायरेक्ट हाय."