क्लेची जाडी

कॅम मी आधी घेतला. चूक तिथेच.
नाना पेठेत, कुणा जुन्या रॅलीवाल्याच्या विकायला काढलेल्या सामानात,
तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
टोकाला पंचनं ठोकलेलं: तीनशे चार अंश.
हातात फिरवला तर प्रत्येक लोब अंगठ्याला विचारत होता,
आहे का दम?
साडेचार हजार मोजले. घासाघीससुद्धा केली नाही.

पोकळे मास्तर, धायरी, पत्र्याची शेड.
नाव पोकळे, आणि आत
पाऊल ठेवायला पोकळ जागा नाही.
कॅमकडे त्यांनी पाहिलंच नाही.
माझ्या पद्मिनीचं हेड उलटं केलं,
पोर्टमध्ये करंगळी घातली, जरा वेळ आतच ठेवली.
"दोनदा घासलंय हे. गाडी कुठं चालवणार?"
धायरी ते भोसरी. पहिली शिफ्ट.
"मग सिग्नल मोज. उद्या ये."

कंपनीच्या बसच्या खिडकीतून मोजले.
राजाराम पूल, दांडेकर पूल, संचेतीला दोनदा लाल,
वाकडेवाडी, बोपोडी, नाशिक फाटा, एकूण सव्वीस.
बोपोडीच्या पुढे रस्ता मोकळा:
दीड मिनिट.

"त्या दीड मिनिटासाठी," मास्तर म्हणाले,
"बाकीचा सव्वा तास तू धडधडत, क्लच जाळत काढणार."
रागावले नव्हते. हिशेब सांगत होते.
"कॅम दार उघडतो गं. पण हवा येते ती बोळातनं.
बोळ बोळाएवढा. दार रात्रभर उघडं ठेवून
काय वरात येणार आहे?"

मी म्हटलं, बोळ रुंद करू.

"कर की. मग हवा रमतगमत येईल,
पेट्रोल वाटेतच भिंतीला टेकून बसेल.
आणि हा तुझा तीनशे चार, इनटेक मिटणार उशिरा.
सावकाश फिरताना पिस्टन वर येईल
आणि घेतलेला श्वास
कार्बोरेटरला परत करेल."

तरी मी हट्ट सोडेना. तेव्हा ते म्हणाले, क्ले आण.

मी भोसरीत दिवसभर मायक्रॉन मोजते.
थंड खोली, ग्रॅनाइटचं टेबल, पांढरे हातमोजे.
आणि इथे अप्पा बळवंत चौकातली मुलांची क्ले,
हिरवी, पाकिटावर हत्ती.
पिस्टनच्या डोक्यावर थापली, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावलं,
हेड बसवलं, जुनंच गॅस्केट,
आणि पान्यानं क्रँक हातानं फिरवला,
एक फेरी, दुसरी,
कुठे अडतंय का ते मनगटाला विचारत.

अडलं नाही. मी हसले.
मास्तरांनी हेड उचललं, ब्लेडनं क्ले कापली.
एक्झॉस्टचा ठसा खोल गेला होता, तळ जवळजवळ पारदर्शक.
व्हर्निअर माझाच. शून्य पूर्णांक चार.

"वेगात रॉड ताणतो, चेन ढिली होते, स्प्रिंगला उशीर होतो.
सगळ्यांनी एवढ्यात भागवायचं?"

पुढचं मग लवकर झालं.
मूळचाच कॅम, कोल्हापूरहून घासून आणलेला, दोनशे छप्पन्न.
पोर्ट तसाच राहू दिला,
सीटखालची पायरी तेवढी काढली.
पुन्हा क्ले, हत्तीचं दुसरं पाकीट:
दोन पूर्णांक सहा.
मास्तरांनी ती हिरवी चकती खिळ्याला अडकवली,
कॅलेंडरच्या शेजारी. अजून आहे.

रविवारी कात्रजचा जुना घाट,
तिसऱ्या गिअरवर, चार माणसं आणि आईच्या तीन पिशव्या.
वळणावर पायाखाली काहीतरी भरलेलं होतं,
ओढ म्हणतात तिला.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला ती इतकी शांत उभी राहते
की बाजूचा रिक्षावाला विचारतो, बंद पडली का, ताई?

पाच हजारांच्या अलीकडे तिचा दम संपतो.
मला माहीत आहे. तिथे माझं घर नाही.

तीनशे चार माळ्यावर आहे.
दर दिवाळीला पहाटे, सगळ्यांच्या आधी,
त्यालाही तेल लावते.
गंजू नये म्हणून. दुसरं काही नाही.