कडू किती झालं

नागभीडला छोट्या लाईनचा फलाट उखडला,
पण त्याच्याकडं तोंड करून बसलेलं हे खाणावळीचं दार
अजून गाडी यायची असल्यासारखं उघडतं:
आधी थोडं, मग एकदम.

मी जेवायला आले आहे.
पायऱ्या चढताना हे स्वतःला दोनदा सांगितलं.
तपासणी नाही, पंच नाहीत, जीप नाही.
पर्समध्ये पेन्शनचं पुस्तक, चष्मा, पाचशेच्या दोन नोटा.

"एकट्याच का जी?" पोरगी विचारते
आणि फॅमिली केबिनचा पडदा सरकवते.
मी म्हणते, काउंटरशी बसते.
ती माझ्या पांढऱ्या केसांकडं बघते,
मग स्टूल पुसते.

काउंटर सागाचं, रेल्वेच्या जुन्या उपाहारगृहातलं,
कडेची पितळी पट्टी कोपरं टेकून टेकून मधोमध झिजलेली.
भिंतीवर एकच फोटो: पांढऱ्या कोटातला गोव्याचा खानसामा
आणि शेजारी नऊवारीत, कोष्ट्यांची चिंधाबाई.
तो उभा, ती खुर्चीवर. त्या काळी.
त्यानं शिरका आणला, तिनं काळा मसाला.
पहिली चार वर्षं म्हणे दोघांची भांडी वेगळी होती.
पाचव्या वर्षी एक पातेलं उरलं.

त्याच पातेल्यातला रस्सा माझ्यापुढं,
तरी काळपट लाल, तळाशी खूर.
जिभेवर आधी जवस, मग मोहाच्या शिरक्याचा आंबटपणा,
तिखट येतं पाहुण्यासारखं उशिरा
आणि जायचं नाव घेत नाही.
वर चिमूटभर सांबार. भात इथलाच, बोडीखालचा.
नाकातून पाणी. रुमाल.
"पाटोडी आणू?"
आण.

काउंटरमागं अंतोन हेडाऊ.
नाव आजोबाकडचं, आडनाव आजीकडचं,
"मधातला मी," म्हणतो, "ढवळलेला."
रम मोजतो, डोळे मापावर नाहीत.
मोहफुलांचा पाक. संत्र्याची साल, पिळून.
भुईनिंबाच्या अर्काचे तीन थेंब. बर्फ.
या पेल्याचं नाव पॉइंटमन,
कारण पिणारा रूळ बदलतो.
शेकर तो कानाशी धरतो.
हलवतो, आणि ऐकतो.

पंधरा साली
बाटल्यांच्या या कपाटाला सील मी लावलं.
लाख वितळवायला मेणबत्ती यानंच दिली होती,
"वारा आहे बाई," म्हणत
ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला होता.
पंचनाम्यात ते लिहायला रकाना नव्हता.

मग सहा वर्षं जिल्हा कोरडा.
पोरगी सांगते, मी न विचारता:
आबाजी रोज सातला शेकरमधी पाणी भरत.
नुसतं पाणी अन् बर्फ. हलवायचं, गाळायचं,
तुळशीला ओतायचं.
हात विसरू नये म्हणून.
बंदी उठली त्याच वर्षीच्या तापात
नाक गेलं, जीभ गेली.
आता मसाला मी भाजतो जी,
ते फक्त रंग सांगतात.

पेला माझ्याकडं सरकतो.
"सांगा जी, कडू किती झालं?"

ओळखलं का यानं मला?
चेहऱ्यावर काही नाही. फडकं खांद्यावर.
मी घोट घेते.
चार थेंब पडलेत, तीन नव्हे.
मोजायची सवय रिटायर होत नाही.
एकतीस वर्षं लोक मला हेच सांगत आले:
बरोबर आहे मॅडम, मापात आहे.

"एक थेंब जास्त."

"माले वाटलंच," तो म्हणतो, "आवाज जड आला.
बाकीचे सारे म्हणतात, मस्त."

दुसरा पेला न मागताच सुरू होतो.
बाहेर मोठ्या लाईनची खडी पडलीय ढिगाढिगानं,
तिच्यावर एक कुत्रं चढतंय, घसरतंय.
अंतोन शेकर हलवतो
आणि या वेळी माझ्या कानाशी आणतो.
"ऐका. हे तीन."

मला बर्फ ऐकू येतो, नुसता बर्फ.
"आलं?"
नाही, मी म्हणते. पुन्हा हलवा.